पंख्याचं विमान

१

सोयरीक जुळवताना लोक पोराचं घराणं विचारतात, तसा गुरुदास विमानाचं विचारायचा.

चौतीस वर्षं वेंगुर्ल्याच्या जेटीवर लाँचचं इंजिन सांभाळलेला माणूस. लाँचवर चढण्याआधी इंजिनाच्या अंगावर हात ठेवायचा, कान लावायचा, आणि नाही पटलं तर लाँच हाकणाऱ्या तांडेलानं शिव्यांची लाखोली वाहिली तरी पाऊल उचलायचा नाही. काम सुटलं म्हणून खोड कुठे सुटते? ती आभाळात गेली. फोनवर तिकीट काढताना खाली मुंगीएवढ्या अक्षरांत विमान कुठल्या जातीचं ते लिहिलेलं असतं. बाकीचं जग ते बघत नाही. गुरुदास कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून तेवढंच वाचायचा. विमान सुटतं कधी, पोचतं कधी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

त्याचं मत साधं होतं. जवळच्या चिपीच्या विमानतळावर उतरतं ते लहान, दोन बाजूंना दोन पंखे असलेलं विमान बरं. पंखा फिरतो तो डोळ्यांना दिसतो. मोठ्या विमानाचं सगळं पोटात, आत काय शिजतंय ते कोणाला कळणार? जन्मात एकदाच तो विमानात बसला होता, तोही पंख्याच्या शेजारी, मुंबई येईपर्यंत पंख्यावरची नजर न हलवता. उतरल्यावर तीन दिवस मान वाकडी. पण मन कसं, पेज निवल्यासारखं शांत.

वाडीत कोणी कुठे निघालं की हा न बोलावता सल्ला द्यायला हजर. शेजारच्या हौसाबाईच्या पुतण्याला मित्राच्या लग्नाला दुबईला जायचं होतं. गुरुदासानं विमानाची जात बघून त्याला दोन दिवस उशिराच्या विमानात घातलं. पुतण्या पोचला तेव्हा मांडव काढून झाला होता आणि नवरा कामावर गेला होता. तेव्हापासून हौसाबाईला आयतंच कोलीत मिळालं.

“गुरुदासा,” ती म्हणायची, “उद्या तुका न्हेवक सरगातसून विमान इला, तरी तू पंखो बघून परत धाडशीत.”

गुरुदास हसायचा नाही. खरंच धाडीन, असं त्याला वाटायचं.

२

संचिता त्याची एकुलती एक. लग्न होऊन भांडुपला गेलेली. दोनदा आशा लागली आणि दोनदा पुसली गेली. तिसऱ्या खेपेला सातवा महिना लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, माहेरी जायचं तर आत्ताच जा, पण रस्त्याचे धक्के नकोत. जावई विनीत, शहाणा मुलगा, त्यानं लगेच गोव्यातल्या मोपाच्या विमानाचं तिकीट काढून सासऱ्याच्या फोनवर धाडलं.

गुरुदास एवढा हरखला की मुंगीची अक्षरं वाचायचीच विसरला. नारळ घेतला, बायकोला, यशोदेला, बरोबर घेतलं आणि रवळनाथाच्या देवळात गेला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं. आता गाऱ्हाणं म्हणजे ‘देवा सांभाळ’ एवढं म्हणून भागत नाही. कोण येणार, कशातून येणार, कोणाच्या दारात उतरणार, सगळं फोडून सांगावं लागतं.

“बा देवा म्हाराजा,” गुरव म्हणाला, “ह्या गुरुदासाचा चेडू, दोन जिवांचा, जा काय मोपाच्या विमानान येता, तेका वाटेत खंयचो अडथळो येव देव नको. बापाशीच्या दारात सुखरूप आणून सोड रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” दोघं म्हणाली.

घरी येऊन गुरुदास जेवला, चष्मा ओढला आणि मग वाचलं. मोठं विमान. पंख्याबिगरचं.

जावयाला दिवसातून किती फोन करावेत याला काही रीत असते. गुरुदासानं चार दिवसांत ती रीत पार धुऊन टाकली. शेवटी विनीतनं हात टेकले, ते तिकीट रद्द केलं आणि त्याच दिवसाचं चिपीचं काढलं. त्या रात्री गुरुदास घोरला. सकाळी उठून दुसरा नारळ घेऊन देवळात.

गुरवानं विचारलं, “आधीच्या गाऱ्हाण्याचा काय?”

“तिकीट रद्द केलंव,” गुरुदास म्हणाला.

गुरवानं त्याच्या पिशवीत डोकावून बघितलं. घातलेलं गाऱ्हाणं मागे घ्यायचं तर त्याचा नारळ वेगळा, बोलणं वेगळं. पण गुरुदासाच्या पिशवीत नारळ एकच होता आणि बाहेर रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. फोनवर बोट टेकवलं की तिकीट जातं. गेलेल्या तिकिटाचं मागे घ्यायचं ते काय? दुसरं गाऱ्हाणं झालं. तेच शब्द, फक्त मोपाच्या जागी चिपी, आणि पंख्याचं विमान.

व्हय म्हाराजा.

३

ठरल्या दिवशी गुरुदास भाड्याची गाडी घेऊन चिपीला गेला. विमान वेळेवर आलं. त्यानं कुंपणाच्या जाळीतून पंखे बघितले. दोन्ही फिरत होते. मग मंद झाले, मग थांबले. एवढं बघून त्यानं श्वास सोडला.

संचिता एक हात कमरेवर ठेवून चालत आली. पाय सुजलेले, चेहरा उतरलेला, पण हसत होती. गुरुदासानं पिशवी घेतली. डोळ्यांत पाणी आलं ते उन्हावर ढकललं.

गाडीत बसल्यावर अर्ध्या वाटेत त्याचा फोन टुणकला. संदेश होता. संचिता यांचं मोपाचं विमान वेळेवर आहे, त्यांची जागा खिडकीची.

त्यानं तो शेजारी बसलेल्या लेकीला दाखवला. ती हसली. म्हणाली, ह्यांचे कंप्युटर असेच असतात, मेलेल्या माणसालासुद्धा वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतात. गुरुदासही हसला. पण रद्द झालेल्या तिकिटाला खिडकी कशी मिळाली, हे काही त्याला कळेना. विनीतला विचारावं असं मनात आलं. पण चार दिवस जावयाला एवढं पिडलं होतं की पुन्हा फोन करायला तोंड नव्हतं.

पंधरा मिनिटांनी फोन पुन्हा टुणकला. संचिता विमानात बसल्या आहेत. प्रवास सुखाचा होवो.

हा त्यानं दाखवला नाही. फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि लेकीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर काजूची झाडं बघत होती.

४

यशोदेनं दारात भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं, उजवं पाऊल आधी ठेव म्हणाली. संचितानं उजवं पाऊल आधी ठेवलं. सगळं जिथल्या तिथे. जेवायला बांगड्याचं तिखलं होतं, ती तीन चपात्या खाऊन वर भात जेवली. यशोदेनं तिच्या पोटावर हात ठेवला आणि अशी काही हसली की गुरुदासानं गेल्या दोन वर्षांत तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. म्हणाली, बघा ओ, कसा ढुशी मारता.

“विमानात बरा वाटला मां गो?” गुरुदासानं विचारलं. हे विचारायला तो सकाळपासून टपला होता.

“बरा म्हणजे काय बाबा, तुमच्या पंख्याच्या बाजूकच होतंय,” संचिता म्हणाली. बोटं चाटली. “पण तो फिरत नव्हतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे फिरत नव्हतो. उडाल्यापासून उतरापर्यंत. पात्यां मोजलंय मी. सहा.”

गुरुदास मोठ्यानं हसला. पंखा जोरात फिरला की कधीकधी उभा दिसतो, हे इंजिनाच्या माणसाला कोणी शिकवायला नको. त्यानं तिला तसं समजावलं. ती हो म्हणाली. मग म्हणाली, आणि बाजूची खुर्ची रिकामी होती, पण ती पाणी देणारी मुलगी दर वेळेला दोन पाणी ठेवून जायची. एक इथे, एक तिथे. मी सांगितलं, इथे कोणी नाही, तर गोड हसली आणि पुढे गेली.

यशोदा म्हणाली, दोन जिवांची म्हणून दिली असतील दोन. तिघंही हसली. गुरुदास हसता हसता मध्येच थांबला, पण कशासाठी थांबला ते त्याला आठवेना.

जेवण झाल्यावर संचिता आतल्या खोलीत जाऊन कुशीवर निजली. फोन तिनं ओटीवरच्या स्टुलावर चार्जिंगला लावून ठेवला होता. यशोदा मागच्या परसात भांडी घासायला आणि कपडे काढायला गेली. दुपारचे तीन वाजून गेले होते. उन्हात सगळं स्वच्छ दिसत होतं, अगदी विहिरीच्या कडेवरची मुंगळ्यांची रांगसुद्धा.

५

गुरुदासाचा फोन वाजला. वर नाव आलं, संचिता.

त्यानं आधी स्टुलाकडे बघितलं. तिचा फोन तिथेच होता, काळा, गप्प. त्यानं फोन उचलला.

“बाबा, उतारलंय मी,” संचिताचा आवाज म्हणाला. “मोपाक. तुमी इलात नाय?”

मागे कोणीतरी सामानाच्या पट्ट्याविषयी काही सांगत होतं. एक मूल रडत होतं. गुरुदासाला आधी राग आला, आणि राग आल्यावर बरं वाटलं. ही हौसाबाई. गेल्या शिमग्यात तिनंच विमान कंपनीची बाई बनून त्याला फोन केला होता, तुमचं विमान ड्रायव्हरबिगर सुटलंय, आता तुम्हीच चालवा म्हणून. वाडीतल्या कोणाचाही आवाज काढायची. गुरांचासुद्धा.

“हौसाबाय, पुरे झाला,” तो म्हणाला.

“कोण हौसाबाय? बाबा, माझे पाय सुजलेहत. मी टॅक्सी करतंय. तुमी रवा घराक.”

तेवढ्यात परसदार वाजलं आणि हौसाबाई आत आली. दोन्ही हातांत टोप, टोपात शिरवाळे, तांदळाच्या शेवया, वर नारळाचा रस. दोन जिवांच्या पोरीला म्हणून आणलेले. तोंड मिटलेलं. मोकळा हात नाही, फोन नाही.

फोनमधून आवाज येतच होता. बाबा, ऐकताय मां. बाबा.

गुरुदासानं फोन तिच्या कानाला लावला. हौसाबाई आधी हसायच्याच बेतात होती, हा आपल्यालाच फसवतोय असं तिला वाटलं असणार. मग तिचं तोंड हळूहळू बंद झालं. तिनं आतल्या खोलीच्या उघड्या दाराकडे बघितलं. तिथून निजलेल्या संचिताची पाठ दिसत होती, वेणी, आणि पांघरुणाबाहेर आलेला एक पाय.

टोप जमिनीवर ठेवताना रस सांडला. हौसाबाईनं तो पुसला नाही.

“रे गुरुदासा,” ती बारीक आवाजात म्हणाली, “माका ह्यो खेळ येणा नाय.”

आणि गेली. सत्तरीची बाई, पण पायरी न चुकता गेली.

६

माणसाचं डोकं मोठं चिवट. गुरुदासानं ओटीवर बसून एकेक कारण शोधलं. फोनवर आवाज बनवून लोकांना फसवतात, हे त्यानं ऐकलं होतं. मग पैसे मागतात. पण हिनं पैसे मागितले नव्हते, पाय सुजलेत म्हणाली होती. मग वाटलं, आपल्याला ऊन लागलं असेल. त्यानं उठून डोक्यावर पाणी मारलं. रस सांडलेला होता तिथेच होता, आता त्यावर मुंग्या चढल्या होत्या.

शेवटी लाज सोडून जावयाला फोन लावला. विनीत ऑफिसात होता. म्हणाला, बाबा, मी स्वतः सोडली तिला, दारातून आत जाईपर्यंत उभा होतो. गुरुदासानं विचारलं, किती वाजता? विनीत म्हणाला, सकाळीच. मग म्हणाला, नाही, जेवणाच्या सुमारास. मग जरा ओशाळून म्हणाला, बाबा, मला रिक्षाचे दोन फेरे आठवतायत, पण एवढा मी कशाला फिरेन? झोप झाली नाही माझी काल. आणि घाईघाईनं फोन ठेवला.

तेव्हा कुठे गुरुदासाला दुसरा नारळ आठवला. आणि तिसरा, पहिलं गाऱ्हाणं मागे घ्यायचा, जो त्यानं नेलाच नव्हता.

त्यानं तो विचार ढकलून दिला. देव देव असतो, पोस्टमन नव्हे. पण हातांना सुचेना, म्हणून फोन उचलला आणि संचिताच्या नावावर बोट टेकवलं. स्टुलावरचा फोन वाजला नाही. पलीकडे टॅक्सीचा आवाज, वारा, आणि तीच, “काय ओ बाबा?”

त्यानं असं काहीतरी विचारायचं ठरवलं, जे त्याच्या लेकीशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. यशोदेलासुद्धा नाही.

“जेटीर काय झाला होता गो? तू सात वर्षांची असताना.”

ती हसली. म्हणाली, आता काय हे मध्येच? मग सांगू लागली. लाँचवरून उतरताना तिचा पाय घसरला होता. लाँच आणि धक्का यांच्यामधल्या फटीत ती पाण्यात पडली होती. शब्द न् शब्द बरोबर होता.

“... वरसून फक्त तुमचो हात दिसा होतो,” ती म्हणत होती. “मगे तुमी माका वेणीक धरून...”

रेंज गेली. फोन मुका झाला.

“... वर काढलात,” आतल्या खोलीतून संचिता म्हणाली. “आणि आवशीक सांगलात, लाटेन भिजली.”

गुरुदास दारापर्यंत गेला. ती भिंतीकडे तोंड करून निजलेली होती. श्वास संथ चालला होता, झोपलेल्या माणसाचा चालतो तसा. त्यानं हाक मारली. ती हलली नाही. त्याला पुढे जाऊन तिचं तोंड बघायचं होतं. चार पावलं होती. पण त्या पोटात त्याचं नातवंड होतं, यशोदेनं त्यावर हात ठेवला होता, आणि झोपलेल्या दोन जिवांच्या पोरीला बापानं घाबरून हलवावं का? आणि हलवल्यावर तिनं वळून बघितलं तर?

तो मागे फिरला. दार लावून घेतलं नाही. उघडंही नीट ठेवलं नाही.

७

टॅक्सी सव्वाचारला आली. पांढरी गाडी, गोव्याचा नंबर. ती वळणावर दिसली तेव्हाच गुरुदासानं मनाशी पक्कं केलं. परत पाठवायची. माझी लेक घरात आहे, जेवली, निजली. तू जी कोण असशील ती जा. एकदा दारातून आत घेतली की दोघींतली कोणती आपली, हे उभ्या जन्मात कळायचं नाही. तो गेटात आडवा उभा राहिला, दोन्ही हात दोन खांबांवर ठेवून.

ड्रायव्हरनं डिकीतून बॅग काढून रस्त्याकडेला ठेवली. काका, तब्येत सांभाळा ताईची, घाटात दोनदा उलटी झाली, म्हणाला. अगदी साधा, चांगला माणूस वाटला.

मागचं दार उघडलं. आधी पाय बाहेर आला. सुजलेला, चपलेचा पट्टा रुतलेला. मग दुसरा. मग काही नाही. पोट आड येत होतं, तिला उठता येईना. तिनं वर बघितलं. संचिता. केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे, आणि बापाला बघून डोळे भरलेले. त्यात काही खोटं असलं तर ते गुरुदासाला दिसलं नाही. तो शोधत होता. जिवाच्या आकांतानं शोधत होता.

“हात देवा मां बाबा,” ती म्हणाली.

तो दोन खांबांच्या मधून कधी निघाला, त्याचं त्याला कळलं नाही. हात गरम होता, घामेजलेला, आणि माणसाचं असतं तेवढं वजन त्या हाताला होतं. ती त्याच्या आधारानं उभी राहिली, कमरेवर हात ठेवून दम घेतला, आणि त्याच्या खांद्यावरून घराकडे बघितलं. ओटी, सांडलेला रस, खोलीची खिडकी. खिडकीवर नजर थांबली.

“हळू बोला बाबा,” ती कुजबुजली. “ती निजली आसा मां?”

गुरुदास अजून काहीच बोलला नव्हता.

“निजली आसा,” तो म्हणाला.

मागे टॅक्सी वळून गेली. तिच्या आवाजानं यशोदा परसातून आत आली असावी, तिच्या पायांचा आवाज माजघरातून आला. बॅग गुरुदासाच्या हातात होती. ती कधी उचलली, हेही त्याला आठवेना.

“कोण इला ओ?” यशोदेनं आतून विचारलं.

गुरुदासानं बॅग खाली ठेवली. त्याच्या शेजारी, त्याचा हात धरून उभ्या असलेल्या संचितानं तोंड उघडलं. तिचे ओठ हलले.

आवाज खोलीतून आला.

“मीच गो आये.”